सांगलीत मूक भयपट लावायचाय आणि समोर बसून लाईव्ह वाजवायचंय? मग असं करा

आम्ही हे आत्तापर्यंत तीनदा केलंय, दोनदा सांगलीत आणि एकदा मिरजेत, आणि दरवेळी खेळ संपला की कुणीतरी येऊन विचारतंच की ताई, आम्हाला आमच्याकडं करायचंय, काय काय लागतंय. प्रत्येकाला फोनवर अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते. मी ऑर्गन वाजवते, म्हणजे संगीत नाटकातली ती पायपेटी. आमच्यात दोन तानपुरे आहेत, एक हलगी, एक चौंडकं, पाट्या, म्हणजे मूकपटात मधेमधे येणारा लिहिलेला मजकूर, वाचायला एक ताई, आणि माझा धाकटा दीर लॅपटॉप सांभाळतो. एवढ्यावर भागतंय.

काहीजण म्हणतात हे बाहेरचं फॅड आहे, मला ते मुळीच पटत नाही. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा पिक्चर आला तेव्हापासून बोलपट येईपर्यंत आपल्याकडंही पडद्याखाली पेटी-तबलावाले बसायचे आणि पाट्या मोठ्यानं वाचून दाखवायला माणूस असायचा. आणि सांगली तर नाट्यपंढरी, १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' इथंच केलं, रंगमंचासमोर बसून पुढं काय चाललंय ते बघत बघत साथ करायची ही सवय इथल्या वाजवणाऱ्यांच्या हाडात आहे. नटानं जागा घेतली की ऑर्गनवाला थांबतो, तो पुढं गेला की हा मागून जातो. फक्त इथं नट पडद्यावर आहे आणि तो तुमच्यासाठी थांबणार नाही, एवढाच फरक.

पिक्चर कुठला घ्यायचा

पहिल्यांदा करत असाल तर सरळ 'नोस्फेरातू' घ्या. १९२२ चा जर्मन पिक्चर, दिग्दर्शक एफ. डब्ल्यू. मुर्नाउ. 'डॉक्टर कॅलिगारी' १९२० चा, त्यातले वाकडेतिकडे रंगवलेले सेट बघत राहावेत असे आहेत, पण गोष्टीत गोष्ट आहे, शेवटी सगळं उलटतं, मूकपट कधीच न बघितलेल्या माणसाला पहिल्या दिवशी ते जड जातं. 'फँटम ऑफ द ऑपेरा' १९२५ चा, लॉन चेनीचा मुखवटा निघतो तो क्षण अजूनही अंगावर येतो, पण त्याची सगळी गोष्ट ऑपेराच्या गाण्याभोवती फिरते, ते आपण आपल्या वाद्यांवर करायला गेलो की ओढून ताणून होतं. नोस्फेरातूत तसं नाही. वाडा आहे, जंगल आहे, जहाज आहे, उंदीर आहेत आणि गावात प्लेग येतो. आपल्या भागात प्लेगच्या गोष्टी घराघरात आहेत, माझी आजी तिच्या आईकडून ऐकलेलं सांगायची की उंदीर पडायला लागले की अख्खं गाव घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहायचं. त्यामुळं पडद्यावर दारांवर खडूनं फुल्या मारत जाणारा माणूस दिसला की आमच्याकडं पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं एकदम गप्प होतात, त्यांना समजवावं लागत नाही.

आता हक्काचं. सिनेमाचा कॉपीराइट आपल्याकडं प्रदर्शनानंतर ६० वर्षं असतो, म्हणजे १९२२ चा पिक्चर केव्हाच मोकळा झाला. पण नीट साफ करून रंग वगैरे भरून ज्या नवीन कॉप्या निघाल्यात, त्यावरचं संगीत आणि नव्यानं केलेल्या पाट्या यांचे हक्क वेगळे असू शकतात, तेव्हा चांगली कॉपी हवी असेल तर ज्यांनी ती काढली त्यांना मेल करून विचारा, जर्मनीतलं मुर्नाउ फाउंडेशन हे काम करतं. मूळ संगीत हान्स एर्डमान नावाच्या माणसानं लिहिलं होतं, त्यातलं बरंचसं हरवलंय, त्यामुळं ह्या पिक्चरला नवीन संगीत करणं म्हणजे कुणाच्या कामावर पाय देणं नाही. हा पिक्चर वाचलाय हेच नशीब आहे, 'ड्रॅक्युला'च्या लेखकाच्या बायकोनं केस घातली होती कारण गोष्ट न विचारता उचललेली, आणि १९२५ ला कोर्टानं सगळ्या कॉप्या नष्ट करा म्हणून सांगितलं. कुठं कुठं लांब गेलेल्या कॉप्या राहिल्या म्हणून आज आपण बघतोय.

दुसरं, सेन्सॉर. सार्वजनिक ठिकाणी पिक्चर दाखवायचा तर सर्टिफिकेट लागतंय, शंभर वर्षांपूर्वीचा मूकपट आहे म्हणून कायदा सोडत नाही. आम्ही फिल्म सोसायटीतर्फे फक्त सभासदांसाठी केलं. तुमच्या गावात सोसायटी असेल तर आधी त्यांच्याशी बोला, आणि तिकिटं छापायच्या आधी बोला.

कॉपी बघताना दोन गोष्टी तपासा

एक म्हणजे लांबी. नीट वेगात चालणारी कॉपी साधारण ९४ मिनिटांची आहे. त्या काळी कॅमेरा हातानं फिरवायचे, सेकंदाला साधारण १६ ते २० फ्रेम, आणि बोलपट आल्यावर २४ ठरलं. जुनी फिल्म २४ नं चालवली की माणसं तुरुतुरु पळतात आणि लोक हसतात. तुम्हाला मिळालेली कॉपी तास-सव्वा तासातच संपत असेल तर बहुतेक ती पळवलेली आहे, नका घेऊ.

दुसरं म्हणजे रंग. हे फार महत्त्वाचं आहे आणि ह्याच्याकडं कुणी लक्ष देत नाही. तेव्हाच्या फिल्मवर रात्री शूटिंग करायला प्रकाश पुरायचा नाही, म्हणून रात्रीचे सीन भर उन्हात घ्यायचे आणि नंतर ती फिल्म निळ्या रंगात बुडवायची. निळं म्हणजे रात्र, पिवळं म्हणजे घरातला दिवा. नुसत्या काळ्यापांढऱ्या कॉपीत काउंट ऑर्लॉक, म्हणजे ह्या पिक्चरमधलं रक्त पिणारं भूत, काखेत शवपेटी मारून लख्ख दुपारी गावातून चाललेला दिसतो आणि शेवटी उन्हानं मरतो. आमच्या पहिल्या खेळाला आम्ही तीच कॉपी लावली होती, आणि शेवटी एका शाळकरी पोरानं विचारलं, मग मघाशी उन्हात कसा काय हिंडत होता? बरोबर होतं त्याचं. तेव्हापासून रंगीत, म्हणजे निळी-पिवळी कॉपीच.

आणि कॉपीवर कुणीतरी चिकटवलेलं संगीत असतंच, ते लॅपटॉपवर म्यूट करा, प्लेअरमध्ये म्यूट करा आणि वर ऑडिओची वायर जोडूच नका. तिन्ही करा.

हॉल, पडदा, लाईट

नाट्यगृह मिळालं तर उत्तम, नाहीतर शाळेचा हॉल, मंगल कार्यालय, चालतंय. जुलै-ऑगस्ट नकोच, कृष्णेचं पाणी वाढलं की सगळं सांगली शहर त्याच काळजीत असतं, आणि हवेतल्या ओलीनं चामड्याची वाद्यं बसतात. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन, त्याच्या आगंमागं हॉल आणि माणसं दोन्ही मिळत नाहीत. डिसेंबर ते फेब्रुवारी बरा, पण लग्नाची तिथी बघून घ्या, शेजारच्या कार्यालयात वरात आली तर तुमचा भुताचा वाडा गेलाच म्हणून समजा. उघड्यावर करणार असाल तर पोलिसांची परवानगी, आणि रात्री १० ला लाऊडस्पीकर बंद, म्हणून अंधार पडल्या पडल्या सुरू करा.

प्रोजेक्टर भाड्यानं घेताना नुसतं लुमेन विचारू नका, थ्रो रेशो विचारा, म्हणजे पडद्यापासूनचं अंतर चित्राच्या रुंदीच्या किती पट लागतं ते. समजा रेशो १.५ आहे आणि तुम्हाला १२ फूट रुंद चित्र पाहिजे. सरळ गणितानं १८ फूट येतात, पण ते चुकतं, कारण मूकपटाचं चित्र चार बाय तीनचं असतं आणि आजचे प्रोजेक्टर बहुतेक सोळा बाय नऊचे. सोळा फूट रुंद टाकलं तेव्हा त्यात मधोमध बारा फुटांचं चित्र बसणार, उंची नऊ फूट, म्हणजे अंतर २४ फूट लागणार. आम्हाला एकदा भाड्यानं देणाऱ्यानं लांब थ्रोची लेन्स चिकटवली, प्रोजेक्टर मागं नेत नेत हॉलच्या दारात गेला तरी चित्र पुरेसं मोठं होईना, संध्याकाळी पाच वाजता दुसरा शोधत फिरलो. आणि चित्र पडदाभर व्हावं म्हणून ताणू नका हो! ऑर्लॉकची सगळी भीती त्याच्या लांबड्या, किडकिडीत अंगात आहे, ताणला की तो जाडजूड दिसतो. उरलेल्या पांढऱ्या पडद्यावर दोन्ही बाजूंनी काळं कापड लावा.

लॅपटॉप आणि प्रोजेक्टर दोन्ही यूपीएसवर ठेवा. जनरेटर असला तरी लाईट जाऊन तो चालू होईपर्यंत काही सेकंद जातात, तेवढ्यात दिव्याचा प्रोजेक्टर बंद पडतो आणि दिवा गार झाल्याशिवाय परत पेटत नाही. मिरजेत आमचं हेच झालं, जहाज बंदरात शिरतंय आणि लाईट गेली. मी ऑर्गनवरून हात काढला पण तानपुरे चालू ठेवले, हॉल पूर्ण काळोखात, चार-पाच मिनिटं नुसते तानपुरे, आणि एकही माणूस उठला नाही, मोबाईलसुद्धा कुणी लावला नाही. तेव्हा वाजवणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, असं काही बिघडलं तरी तानपुरा थांबत नाही.

बसायचं कुठं? पडद्याच्या डाव्या अंगाला, खाली, तिरकं, म्हणजे मान न वळवता पडदा दिसेल असं. जमलं तर पायाशी एक छोटा टीव्ही ठेवून त्यावर तेच चित्र द्या. वहीवरचा दिवा पिवळा, मंद, वरून झाकलेला. पांढरा एलईडी लावला की पडद्यावरची काळी सावली राखाडी होते आणि ह्या पिक्चरमध्ये सावली गेली की काही उरत नाही. ऑर्गनचं पॉलिश चमकतं, त्यावर काळी शाल टाका.

वाद्यं

कीबोर्डवरचे तयार आवाज, वीज कडाडणं, मांजर, दार करकरणं, असलं काही नको. लोकांनी ते टीव्हीवर इतकं ऐकलंय की आवाज सुरू झाला की त्यांना कळतं आता भूत येणार, आणि कळलं की भीती संपली.

तानपुऱ्यापासून सुरू करा. मिरजेत राहून दुसरीकडं काय बघायचं, इथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ ला जीआय मिळालाय, गल्लीत जाऊन भाड्यानं मागितला तरी मिळेल. दोन घ्या. पहिला एकदम सुरेल लावा, जवारी उघडी, गोड. दुसरा त्याच पट्टीत लावून मग षड्जाच्या जोडीतली एकच तार केसभर उतरवा, एवढीच की वेगळी वाजवली तर बेसूर वाटणार नाही. दोन्ही एकत्र छेडले की आवाजात लाटा यायला लागतात, वांव-वांव-वांव असा डोल. एका तारेची कंपनं सेकंदाला २२० आणि दुसरीची २२२ असतील तर सेकंदाला दोन लाटा येतात, तार जितकी जास्त उतरवाल तितक्या भराभर. हळू लाट जास्त भयानक, हे आमचं अनुभवानं ठरलंय. सुरुवातीला नायक हुटर आणि त्याची बायको एलेन यांचं घर आहे, फुलं, मांजर, ऊन, तिथं फक्त पहिला तानपुरा. हुटर डोंगरात पूल ओलांडून पलीकडं जातो ना, तिथं दुसरा तानपुरा हळूच आत घ्या. लोकांना कळणार नाही काय बदललं, पण खुर्चीत अंग जरा आखडतं, मी खालून बघितलंय.

ऑर्गनवर किंवा पेटीवर सूर वाजवण्याआधी श्वास वाजवायला शिका. एकही पट्टी न दाबता भाता हळू ओढा आणि सोडा, माईक जवळ असेल तर झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखं ऐकू येतं. मग त्यात शेजारशेजारच्या दोन पट्ट्या, कोमल रे आणि सा, अर्धवट दाबून. पायपेटीच्या पायट्याला आदल्या दिवशी तेल घाला, नाहीतर ती करकर माईक उचलतो.

एक सांगते, राग पूर्ण मांडू नका. आपल्याकडचे श्रोते तयार आहेत, सांगली-मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांचं नाव घेतलं की कानाला हात लावणारी माणसं आहेत, तुम्ही मारव्याचे चार सूर लावलेत की पाचव्या रांगेतून वा येणार आणि पुढचा पिक्चर ते पडद्याकडं न बघता तुम्हाला ऐकणार. तीन सूर पुरे, तेही ओळीनं नकोत.

चौंडकं आमच्या हाती नंतर लागलं. यल्लम्माची गाणी म्हणणाऱ्यांकडं असतं, तुम्ही ऐकलं असेल, तार ताणली-सोडली की आवाज गिळल्यासारखा खालीवर होतो, गुंव-गुंव. ऑर्लॉकचा गडी आलाय असं वाटणारी ती पळती घोडागाडी, जंगल पांढरं आणि आभाळ काळं दिसतं ते उलट्या फिल्मवरचं दृश्य, तिथं नुसतं चौंडकं. मात्र हे देवीचं वाद्य आहे. ज्यांच्याकडून आणाल त्यांना आधी नीट सांगा की कशासाठी पाहिजे, त्यांची ना असेल तर ना. आम्हाला ज्या मावशींनी दिलं त्या स्वतः येऊन बसल्या, आधी हळदकुंकू लावलं, मगच हात लावू दिला.

दवंडीचा सीन

आता हलगी. अख्ख्या पिक्चरमध्ये हलगी एकाच जागी वाजते आणि त्या एका जागेसाठी मी हलगीवाल्या मामांना बोलावते. गावात साथ आली की एक माणूस ढोल बडवत रस्त्यावर येतो, लोक खिडक्या उघडतात, तो कागद उलगडून सरकारी हुकूम वाचतो. म्हणजे दवंडीच की ही! मामांनी पहिल्यांदा तालमीत बघितलं तेव्हा विचारलं, "ताई, हितं कुठला ताल धरू?" मी म्हटलं, "मामा, ताल नको, त्याची काठी पडली की तुमची पडू दे." त्यांनी तो सीन लॅपटॉपवर वीस-एक वेळा बघितला असेल. पडद्यावरच्या माणसाची काठी आणि ह्यांची टिपरी एकत्र पडली की शंभर वर्षांपूर्वीचा तो जर्मन माणूस एकदम सांगलीच्या पेठेत उभा राहिल्यासारखा वाटतो. एक घाव पुढंमागं झाला तर चालतंय, पण शेवटचा घाव चुकवायचा नाही, कारण त्यानंतर तो कागद उघडतो आणि तिथं आपल्याला पूर्ण शांतता पाहिजे.

अडचण अशी की हलगी तापवावी लागते. चामडं गार झालं की सैल पडतं आणि कडकड वाजायच्या जागी भद् असा आवाज येतो. पहिल्या खेळाला तिसऱ्या घंटेआधी बाहेर जाळावर मस्त तापवून आत आणली, आणि दवंडी येईपर्यंत तास उलटून गेला, एसी चालू, हलगी मऊ पडली, मामांचा चेहरा एवढासा झाला. आता आम्ही विंगेमागं बाहेरच्या दारात इलेक्ट्रिक शेगडी ठेवतो, शेजारी एक माणूस आणि पाण्याची बादली. जहाज बंदराला लागलं की मामा उठून जातात, तापवतात, अंधारात परत येऊन बसतात, आणि हलगी मांडीवर पालथी ठेवून शालीत गुंडाळतात म्हणजे ऊब टिकते. हॉलच्या माणसाला हे आधी विचारा, आत जाळ किंवा शेगडी कुठंच पेटवायची नाही.

कागद कसा लिहायचा

पिक्चर आधी एकट्यानं दोनदा आवाज बंद करून बघा आणि एक वही करा. डाव्या बाजूला पडद्यावर काय दिसलं ते, मधे कोण वाजवणार, उजवीकडं कोण थांबणार. मिनिट-सेकंद लिहा पण त्यावर विसंबू नका, लॅपटॉप दोन सेकंद अडकला की सगळं सरकतं. "हुटरचा अंगठा कापला", "सांगाडा घड्याळावर ठोका देतो", "शिडाच्या जहाजात पेटी उघडली", असं लिहा. आमच्या वहीत चाळीसच्या आसपास ओळी आहेत आणि त्यातल्या पंधराएक ओळींत फक्त 'थांबा' लिहिलंय. दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीला आवाज द्यायचा मोह आवरा, घोडा दिसला की टापा, दार दिसलं की कर्र, असं केलं की पिक्चर पोरांचा होतो. तो घड्याळाचा ठोका आणि दवंडी, एवढ्या दोनच जागी आम्ही दिसलं ते वाजवतो.

तालमी तीन तरी घ्या, आणि शेवटची त्याच हॉलमध्ये, दिवे बंद करून. अंधारात वही दिसत नाही, हात चुकतो, हे तिथंच कळतं.

पाट्या

पाट्या जर्मन किंवा इंग्रजीत असणार. दोन मार्ग आहेत, मराठी सबटायटल करून खाली टाकायची किंवा माणसानं वाचायची. सबटायटल केलीत तर फाईल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा आणि देवनागरी फॉन्ट निवडून प्रत्येक ओळ हॉलच्या लॅपटॉपवर तपासा, जोडाक्षरं फुटली की 'मृत्यू'चं काहीही होतं. मला स्वतःला वाचलेलं आवडतं. आमची ताई शाळेत शिकवते, ती नाटकी आवाज काढत नाही, मुलाला झोपवताना गोष्ट वाचावी तसं वाचते, हळू, सपाट, थोडं पुस्तकी मराठी. जितकं शांत वाचलं तितका काटा येतो. पाटी वाचून झाली की दोन श्वास जाऊ द्यायचे आणि मग वाद्य. वाचताना वाद्य खाली, बंद नाही. आणि ताईला माईक देताना साऊंडवाल्याला सांगा एको काढून टाक, ते आपणहून एको टाकतातच.

थांबायचं कसं

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. भुताला वाजवायचं नाही. तो यायच्या आधी वाजवायचं आणि तो आला की हात काढून घ्यायचा.

जिन्यावरचा सीन सगळ्यांनी फोटोत बघितलेला असतो, ऑर्लॉक दिसतच नाही, त्याची सावली भिंतीवरून जिना चढते, लांब बोटं दाराकडं जातात. तालमीत सगळेजण इथं जोरात वाजवायला जातात, मीही पहिल्यांदा दोन्ही हातांनी ऑर्गन भरून टाकला होता. चांगलं वाजलं, पण भीती नाही वाटली. दुसऱ्या खेळाला आम्ही असं केलं की त्याआधी पाच-सहा मिनिटं दोन्ही तानपुरे आणि ऑर्गनचा एक खालचा सा अगदी बारीक, एकसारखा चालू ठेवला, इतका की लोक तो ऐकायचं विसरले. नुसतं थांबून उपयोग नसतो, आधी कानाला सवय लागलेली असली पाहिजे. आणि सावलीचा पहिला पाय पायरीवर पडला की सगळ्यांनी एकदम बंद. तानपुऱ्याच्या तारांवर सुद्धा तळहात ठेवून आवाज मारायचा.

तिथं एक गोष्ट ध्यानात आली. वाद्यं थांबली की हॉलमधले पंखे ऐकू यायला लागतात, घरर्र. त्यामुळं आता वायरमन दादांना आधीच सांगून ठेवलेलं असतं, ऑर्लॉक समोरच्या घराच्या खिडकीत गज धरून उभा दिसला की पंखे आणि एसी बंद. पंखा फिरत फिरत थांबायला वेळ घेतो, तेवढा वेळ तानपुरा त्याला झाकतो, आणि सावली जिन्यावर येते तेव्हा पंख्याचं पातं पण उभं असतं. मग लांबून एखादी एसटी जाते ती ऐकू येते, कुणाचा तरी श्वास ऐकू येतो. सावलीची मूठ एलेनच्या छातीवर आवळते तिथंपर्यंत काही वाजवू नका. फार लांब वाटतं, हात शिवशिवतात, मांडीखाली घाला पण वाजवू नका. पुढं कोंबडा आरवायचा सीन येतो, पडद्यावर कोंबडा दिसतो तिथं फक्त पहिला, सुरेल तानपुरा परत सुरू करायचा, एकटा.

लोक हसले तर? हसतील, घोडागाडी पळते तिथं हमखास हसतात. हसू द्या, आवाज वाढवून त्यांना दाबायला जाऊ नका, आपलं आहे ते बारीक चालू ठेवा, हसणं आपोआप विरतं. सुरू व्हायच्या आधी चार मिनिटं बोला, साल सांगा, निळं म्हणजे रात्र हे सांगा, गोष्ट सांगू नका. आणि आठ-नऊ वर्षांखालची पोरं आणली असतील तर आईवडिलांना सांगा की कडेला बसा म्हणजे उठून जाता येईल.

खेळाच्या दिवशी

लॅपटॉपचं वायफाय बंद, अपडेट बंद, स्क्रीनसेव्हर बंद, बॅटरीचं नोटिफिकेशन बंद. फाईल दोन पेन ड्राईव्हवर आणि दुसऱ्या लॅपटॉपवर पण. तानपुरे दोन तास आधी हॉलमध्ये आणून ठेवा, हवेला बसू द्या, मग लावा, आणि उतरवलेली तार सगळ्यात शेवटी उतरवा. पडद्यावरचा बाण, म्हणजे माऊसचा कर्सर, कोपऱ्यात नेऊन लपवा, एलेनच्या गालावर बाण आला तर सगळं संपलं.

तिसरी घंटा द्या, नाटकासारखीच, लोक त्या घंटेला ओळखतात आणि गप्प बसतात. वाजवणाऱ्यांचे पैसे सकाळीच पाकिटात घालून ठेवा आणि खेळाआधी हातात द्या, हलगीवाल्या मामांना शेवटची एसटी गाठायची असते, त्यांना हिशोबासाठी ताटकळत ठेवू नका.

शेवटची पाटी गेली की लगेच दिवे लावू नका. सुरेल तानपुरा तसाच चालू ठेवायचा, वायरमन दादा आधी पंखे लावतात, मग मागचे दोन दिवे, मग मधले, आणि पडद्याजवळचे सगळ्यात शेवटी. तानपुरा वाजवणारी मुलगी लोक उठायला लागल्यावर थांबते, कुणी बघत नसताना.